एका नावाच्या दोघी

धार, ४ जुलै

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, असं प्रणव म्हणतो. मी नवऱ्याला म्हटलं, ठेवू दे, फेकणार तर नाही. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर तुझा फोटोही मला दिसेनासा झालाय. मग कागदच उरला.

तुझ्या छातीच्या ऑपरेशनचं मला चिऊकडून कळलं, तेही झाल्यावर. तिच्यावर रागावू नकोस. चोवीस वर्षांच्या लेकीने एकटीने किती पोटात ठेवायचं? आईला मी त्याच दिवशी सांगितलं.  संध्याकाळी ती म्हणाली, "तिने बोलावलं तर जाईन." तू म्हणत असशील, यायचं असेल तर येईल. तुम्ही दोघी सारख्याच.

बापूंच्या तेराव्यानंतर आठवडाभरात आई माझ्याबरोबर धारला आली, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. देवासच्या घराच्या दारात तू म्हणाली होतीस, "धाकटीच सख्खी. मला काय उकिरड्यावरून उचलून आणलं होतं?" सगळे ऐकत होते. मी आईला नेलं नाही गं. ती बॅग भरून गाडीत येऊन बसली होती. का, ते तेव्हाही मला कळलं नाही, आजही कळत नाही.

मी सध्या काय करते ते लिहिते, म्हणजे या पत्रात रडगाण्याशिवाय काहीतरी असेल. शाळा सुटल्यावर दुपारी मी इंग्रजांची घराणी निस्तरते. जगभरची माणसं मिळून इंटरनेटवर एक मोठा वंशवृक्ष रचताहेत, त्यातला बाराव्या-तेराव्या शतकाचा कोपरा माझ्याकडे आहे. एम.ए.ला तो विषय घेतला तेव्हा बापू म्हणाले होते, "देवासात बसून विलायतेची लफडी सोडव." तेच करते आहे. त्या काळी बायकांना नावं मोजकीच, मॉड, ॲलिस, जोन, इझाबेल. आडनावंही धड बसलेली नव्हती. कुणीतरी दोन माणसांना एक समजतो आणि पुढचे सगळे त्याची नक्कल करतात. माझं काम त्यांना सोडवून वेगळं करायचं.

सध्या नॉरफोकचा एक रॉजर पुढ्यात आहे. त्याची बायको मॉड. पण पहिल्या आणि शेवटच्या मुलात अंतर एवढं की ही बाई साठीकडे झुकल्यावरही बाळंत होत होती म्हणायचं. म्हणजे दोघी असणार. एक मॉड गेली, रॉजरने दुसरी केली, तीही मॉड. मी तसं सुचवल्यावर ऑस्ट्रेलियातल्या एक बाई भडकल्या. त्यांची वंशरेघ तिथून निघते. "माझी पणजी आठशे वर्षं एक होती. तिचे तुकडे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?" मला हसू आलं. तूही हसली असतीस.

तब्येतीचं चिऊकडून कळव.

स्वानंदी


धार, २० जुलै

ताई,

चिऊचा फोन आला होता. तू पत्र उघडलंस, एवढंच तिने सांगितलं. मला पुरे.

ती खूश होती. "मावशी, टेन्शन खतम. डॉक्टरांनी पूरं खानदान कागदावर काढलं, गोल-चौकोन करून. आईकडे कुणाला होतं का, विचारलं. मम्मी बोलली, माझी आई सत्तर वर्षांची आहे, एकदम फिट, मावश्याही फिट. तर डॉक्टर बोलले, मग आनुवंशिक दिसत नाही, जीनची टेस्ट आत्ता नको." मी विचारलं, "आणि तुझं काय?" तर म्हणाली, "माझं चाळिशीनंतर बघू. तोवर मी फ्री."

तुझी सख्खी बहीण म्हणून त्यांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. इंदूरला जाऊन आले. काही नाही निघालं.

आई मेथी निवडत होती, तेव्हा तिला हे सांगितलं. म्हटलं, "आई, तुझ्या तब्येतीमुळे सगळ्यांची सुटका झाली." तिचे हात थांबले. मग ती उठून देवापुढे जाऊन बसली आणि मेथी तशीच राहिली. बरं वाटलं असेल तिला.

किमो सप्टेंबरात संपेल असं चिऊ म्हणाली. नंतर नुसत्या गोळ्या. होईल सगळं नीट.

स्वानंदी


धार, २८ जुलै
(हे पाठवायचं नाही. डायरीत राहील.)

ताई,

आपली आई तुला जन्म देणारी आई नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं, मग पुन्हा लिहिलं. खोडून ते खोटं होत नाही.

काल चहा घेताना आई म्हणाली, "त्या डॉक्टरला चुकीचं सांगितलंय."

"कुणी?"

"आपण सगळ्यांनी. देवातला तो बाईचा टाक आण."

चांदीच्या पातळ पत्र्यावरची ती उभी बाई. लहानपणी आपण तिला देवी समजून हळद-कुंकू लावायचो. आईने तो टाक पदराने पुसला आणि म्हणाली, "या जानकीबाई. ताईची आई. मी यांच्या मागून आले."

पहिली बायको गेली की दुसरीने तिचा टाक देवात ठेवायचा, हे मी ऐकून होते. आपल्या घरात तसा आहे, हे मला माहीत नव्हतं. नावाचंही तसंच. लग्नात नाव बदलायचंच असतं, तर आजी म्हणाली, "घरात जानकी होती, जानकीच राहील." रेशनकार्डात बदल नको, भांड्यांवरची नावं बदलायला नकोत, आणि मुख्य म्हणजे पोरीला कधी कळायला नको. तू पायावर उभी राहायच्या आधी त्या गेल्या होत्या. तुला पाजत होत्या. छातीत गाठ आली ती दुधाची समजून घरच्यांनी शेकत ठेवली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर बापूंवर ओरडले म्हणे. वर्ष संपायच्या आत बापूंनी मनावर गावाहून आईला आणलं. ती तेव्हा नुकती शाळेतून बाहेर पडली होती.

आई बांगलादेशच्या लढाईची गोष्ट किती वेळा सांगते! ब्लॅकआऊटला मनावरच्या घरात बहिणींनी मिळून खिडक्यांना काळे कागद लावले, दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी कौतुक केलं. तो डिसेंबर. तुझा जन्म त्याच वर्षीच्या जुलैतला, म्हणजे तू झालीस तेव्हा आई माहेरी शाळेत जात होती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. कुणा मॉडच्या बाबतीत असं दिसलं असतं तर एका दुपारी खूण करून ठेवली असती. आईच्या बाबतीत म्हटलं, वय झालं, सनांचा घोळ होतो.

आणखी एक लिहायला हवं. हे कळल्यावर पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. माझ्या आईकडे काही नाही, म्हणजे मला भीती नाही. तुझ्याकडून काहीतरी काढून घेतल्यावर मिळालेलं हे हायसं वाटणं आहे, हे नंतर लक्षात आलं. पण वाटलं ते वाटलंच.

मी म्हटलं, "आई, ताईला सांगायला हवं. गोळ्यांवर सोडताहेत तिला. चिऊ तर तपासणीच करत नाहीये."

"नाही."

"अगं, जिवाचा प्रश्न आहे."

"स्वानंदी, माझ्या गळ्याची शपथ. पन्नास वर्षं ती माझी आहे. आता आजारात तिला सांगू, की तुझी आई मी नाही?" मग म्हणाली, "बापूंच्या तेराव्याला ती लोहारदा गावची म्हातारी माझ्या शेजारी बसून म्हणाली, पहिलीची पोर किती करते गं तुझं. ताई चार पावलांवर वाढत होती. त्या घरात मी राहिले असते तर आज ना उद्या कुणीतरी बोललं असतंच. म्हणून निघाले."

तू ज्या गोष्टीसाठी माझ्याशी दोन वर्षं बोलत नाहीस, तिचं कारण हे आहे. आणि तेच मी तुला सांगू शकत नाही.


धार, ९ ऑगस्ट

ताई,

चिऊ म्हणाली, किमोने तुझी बोटं बधिर होतात, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून माझी पत्रं तीच तुला वाचून दाखवते. तिची तक्रारही आली. "मावशी, जरा सोपं लिही न. तुझं अक्षर म्हणजे अख्खा घाट चढायचा. मी अडखळते तर मम्मी हसते, बोलते, हिंदी मीडियमची बाई!" तुला हसवलं म्हणून मी तिला दिवाळीला काहीतरी घेणार आहे.

म्हणजे आता मी जे लिहीन ते तुम्ही दोघी एकदमच ऐकणार. बरं आहे. वेगळं सांगण्यासारखं काही नाहीच.

मॉडचं कोडं सुटलं. पहिल्या मॉडने बापाकडून एक पाणचक्की आणली होती. पुढे ती चक्की रॉजरच्या थोरल्या मुलीला मिळाली, मुलाला नाही. मुलगा असताना मुलीला का? कारण आईकडून आलेलं फक्त पोटच्या मुलांकडे जातं. मुलगा दुसरीचा होता. ऑस्ट्रेलियाच्या बाईंनी मान्य केलं, पण वर लिहिलं, "कळलं. पण मला बरं नाही वाटत आहे."

ताई, एक विनंती आहे. ती जीनची तपासणी करूनच घे. चिऊचीही करा. डॉक्टर नको म्हणाले असतील, तरी आपण मागून घ्यायची. माझ्या मनाला चैन पडेल, एवढंच कारण समज.

स्वानंदी


धार, २५ ऑगस्ट
(पाठवायचं नाही.)

ताई,

परवा मी देवासला येऊन गेले. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. वर गॅलरीत चिऊ तुझे कपडे वाळत घालत होती. तिने खाली पाहिलं असतं तर मी दिसले असते. मी भिंतीच्या आड झाले. कशासाठी, ते सांगता येत नाही.

आधी तात्यासाहेबांकडे गेले. बापूंचे धाकटे भाऊ, घरातले तेच एक उरलेत. वाटलं, ते आईला समजावतील. ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायच्या तयारीत आहेत, टेबलावर सगळी प्रुफं.

"काका, बापूंच्या पहिल्या बायकोचं माहेर कुठलं?"

त्यांनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं तुला?"

"आईने."

"मग आता विसर. मी जानकी एकच छापलीय. दोन केल्या तर ताईच्या सासरी चर्चा, तिच्या पोरीच्या लग्नात चर्चा."

"ताईला कॅन्सर आहे, काका. तिच्या आईलाही तेच होतं."

"तेव्हा कुठे कुणाला कळत होतं काय होतं ते? ताप म्हणाले, दृष्ट म्हणाले." मग जरा नरमून म्हणाले, "वहिनी सडपातळ होत्या. मला ताकातली भाकरी कुस्करून द्यायच्या. माहेर पीपलरावां गावाकडचं असावं. नाव काय होतं, देवाशप्पथ आठवत नाही. आम्ही वहिनीच म्हणायचो. स्वानंदी, तू विलायतेचं बघ. इथलं इथेच राहू दे."

दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मैडम, फैमिली हिस्ट्री पेशंट को ही बतानी पड़ेगी. आप कौन?" मी म्हटलं, बहीण. ती म्हणाली, "तो दीदी को बोलिए न."

चिऊला फोनवर परत विनवलं. "मावशी, डॉक्टर स्वतः नको बोलले. मी कशाला सुई टोचवून घेऊ? आणि मम्मीला वाटेल मी काहीतरी लपवते आहे." शहाणी मुलगी आहे. सगळ्यांचं बरोबर आहे. आईचं, काकांचं, त्या काउंटरवरच्या मुलीचंही. आठशे वर्षांपूर्वीच्या दोन बायका मी बिनदिक्कत वेगळ्या केल्या, कारण तिथे रडणारं कुणी उरलं नव्हतं.

आईला आज पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "त्यांचं नाव, त्यांचं कुंकू, त्यांची पोर. मी वेगळी आहे कुठे?" 


धार, १२ सप्टेंबर

ताई, चिऊ,

हे पत्र दोघींना आहे. चिऊ, सोपं लिहिते. हळू वाच, आणि मध्ये थांबलीस तरी चालेल. शेवटचं पान आईच्या शब्दांत आहे, ते गाळू नकोस.

ताई, डॉक्टरांनी काढलेल्या कागदावर तुझ्या आईच्या जागी जो गोल आहे, तो चुकीचा आहे. तुला जन्म देणाऱ्या जानकीबाई तू वर्षाची व्हायच्या आत गेल्या. त्यांच्या छातीत गाठ होती. त्या तिशीच्याही नव्हत्या. आपली आई बापूंची दुसरी बायको. तिला त्यांचंच नाव दिलं, म्हणजे तुला फरक कळू नये. देवातला बाईचा टाक त्यांचा आहे.

मला हे जुलैत कळलं. आईने मला शपथ घातली होती. मी ती मोडते आहे. पुढच्या आठवड्यात तुझी शेवटची किमो, मग ते तुला गोळ्यांवर सोडतील, आणि तुझ्या आईचं त्यांना माहीत असतं तर कदाचित सोडलं नसतं. याहून जास्त मला डॉक्टरी कळत नाही. मी बरोबर करते आहे का, तेही कळत नाही. आजारातून तू उठत असताना तुझ्या पायाखालचं काढून घेते आहे. तू म्हणशील, धाकटीने शेवटी आईही नेली. म्हण. पण आधी डॉक्टरांकडे जा. चिऊ, तूही.

पत्र लिहिताना आई शेजारी बसली होती. मी सांगितलं होतं, तू नको म्हणालीस तरी लिहिणार. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. ती पोलक्याचं बटण फिरवत राहिली. मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं उतरवते:

"ताई, मी आले त्या दिवशी तू दारात बसून मुरमुरे खात होतीस. मला बघून हात वर केलेस. मला मूल घेता येत नव्हतं, कडेवर नीट बसेनास. सासूबाई म्हणाल्या, शिकशील. शिकले. देवासच्या घरातून निघाले ते तुझ्यावर रागावून नाही. कुणी सांगेल आणि तू माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघशील, याला भ्याले. बाकी काही नाही. तपासून घे. तोंडाला चव नसली तर मुगाचं कढण घे, वर लिंबू पिळ."

स्वानंदी


धार, ६ ऑक्टोबर

ताई,

तू अजून बोलली नाहीस. आम्ही वाट बघतो आहोत असं लिहिलं तर तुझ्यावर दडपण येईल, म्हणून लिहीत नाही. लिहिलंच गेलं.

चिऊने सगळं सांगितलं. पत्र वाचून झाल्यावर तू म्हणालीस, "परत वाच." दुसऱ्यांदा ती रडायला लागली तेव्हा कागद तिच्या हातातून घेऊन तू आत गेलीस. आणि मग आठवडाभराने स्वतःच डॉक्टरांना म्हणालीस, "साहेब, मैंने आपको ग़लत बताया था." कुणाचं नाव घेतलं नाहीस. चूक स्वतःवर घेतलीस.

तुझ्या तपासणीत जीनमधला दोष निघाला, हेही कळलं. डॉक्टर आता पुढचं ऑपरेशन सुचवताहेत. चिऊचा रिपोर्ट यायचाय. ती फोनवर म्हणते, "मावशी, फिफ्टी-फिफ्टी आहे, टॉस समज." आणि फोन ठेवते. मी प्रार्थना कुणाची करू? टाकापुढे बसते. त्या बाईंना मी काय म्हणायचं, हेसुद्धा ठाऊक नाही. त्यांचं माहेरचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही.

आणि आता जे सांगण्यासाठी बसले आहे ते. डॉक्टरांनी नव्याने काढलेल्या कागदाचा फोटो चिऊने मला पाठवला. आई म्हणाली, "बघू." मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला.

"ही कोण?"

"ताई."

"वर ही, काळी केलेली? तिच्यावर तिरकी रेघ आहे."

"त्या. पहिल्या. आजार होता म्हणून काळी, गेल्या म्हणून रेघ."

"आणि मी कुठली?"

मी कडेचा गोल दाखवला. तिथून तुझ्यापर्यंत एक रेघ येते, पण ती सलग नाही, बारीक बारीक तुटलेली आहे. ज्यांनी वाढवलं पण जन्म दिला नाही, त्यांची रेघ तशीच काढतात. सगळ्या जगात तीच रीत आहे. मी आईला तसं सांगितलं.

तिने बोटाने फोटो मोठा केला. ती रेघ मोठी झाली, मधल्या जागाही मोठ्या झाल्या.

"डॉक्टरांना फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, ही जोडून द्या."

"आई, ते तसं करत नाहीत."

"ताईने सांगितलं तर करतील."

मला तिला समजावता येईना. हे तिला तुझ्याशिवाय कुणी समजावू शकणार नाही, किंवा तू कदाचित समजावणारही नाहीस. ती सकाळपासून माझा मोबाइल मांडीवर घेऊन बसली आहे. स्क्रीन काळी झाली की बोट लावते.

स्वानंदी